सायकलला दिवा हवाच, पण कोणता?

आज साठी ओलांडलेल्या वाचकांना 'बिनदिव्याची सायकल' हा शब्दप्रयोग नक्की आठवत असेल. दिवेलागण झाल्यावर दिव्याविना सायकल चालवणाऱ्याला चौकातला पोलीस थांबवीत असे. कधी समज मिळे, कधी दंड होई, तर कधी चाकातली हवा जाई. त्या धाकाने का होईना, पण कोणी रॉकेलचा दिवा लावी, कोणी डायनॅमो बसवी, तर कोणी एका हातात बॅटरी धरून घर गाठी. पुढे रस्ते मोटारसायकलींनी भरून गेले. सायकलीकडे कोणाचे लक्ष राहिले नाही आणि तिचा दिवाही गेला. रस्त्यावरच्या वाहनांचा वेग मात्र तेव्हापेक्षा कितीतरी वाढला आहे.

आरोग्याच्या सदरात सायकलच्या दिव्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण सायकल ही हृदयाला, सांध्यांना आणि वाढत्या वजनाला हितकर आहे, असे डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. मग ती सुरक्षितपणे कशी चालवावी, हेही त्यांनीच सांगायला हवे. शिवाय आपल्याकडे सायकल हा अनेकांचा व्यायाम नसून रोजच्या पोटापाण्याचा भाग आहे. दुसऱ्या पाळीतून मध्यरात्री सुटणारा कामगार, पहाटे दूध घालणारा गवळी, वृत्तपत्रे टाकणारी मुले, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, शिकवणीहून परतणारी मुलगी, हे सगळे अंधारातच सायकल चालवतात. डिसेंबरात तर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे शाळेतून घरी येतानाही मुलांना अंधार गाठतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हे सगळेच अपघात रात्रीचे नव्हेत. पण अंधारातला अपघात टाळण्याचा एक उपाय दोन-पाचशे रुपयांत मिळतो. उलट मांडीचे एक हाड मोडले, तर ते नीट जुळायला तीन-चार महिने, कधी सहा महिनेही लागतात. हातावर पोट असलेल्या घराला तेवढी रजा परवडत नाही.

अंधारात डोळा कसा पाहतो?

आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि त्यांच्यामुळे रंग कळतात. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. उजेडातून अंधारात गेल्यावर या दंडपेशी पूर्ण कामाला लागायला सुमारे अर्धा तास लागतो. समोरून आलेल्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर पडला, की जमलेले काम क्षणात मोडते आणि काही सेकंद समोर काळोखच दिसतो.

मंद उजेडात तांबडा रंग सर्वांत आधी काळा पडतो. दिवसा उठून दिसणारा लाल सदरा किंवा लाल साडी रात्री काळ्या कांबळ्यासारखी दिसते, ती यामुळेच. वयाचाही परिणाम होतो. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान राहू लागते आणि भिंगही पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मागून येणाऱ्या गाडीचा चालक साठीचा असेल, थकलेला असेल, किंवा त्याला मोतीबिंदूची सुरुवात झालेली असेल. ते आपल्या हातात नाही. आपण त्याला किती स्पष्ट दिसावे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

'मला तो दिसतो' म्हणजे 'त्याला मी दिसतो' नव्हे

रात्री सायकल चालवणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत इथे होते. मागून येणाऱ्या ट्रकचा झगझगीत उजेड त्याला अर्ध्या किलोमीटरवरून कळतो. त्याला वाटते, एवढ्या उजेडात आपणही ट्रकवाल्याला दिसत असणारच. पण तसे नसते. डिपर लावलेल्या गाडीच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस साधारण २५ ते ३० मीटरवर आल्यावरच चालकाच्या लक्षात येतो.

आता थोडा हिशेब करू. रिकाम्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. समोर काही आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडायला सावध चालकालाही सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात मोटार ३३ मीटर पुढे आलेली असते आणि सायकल फार तर सहा मीटर. म्हणजे सायकलस्वार ३० मीटरवर दिसला असेल, तर चालकाचा पाय ब्रेकवर टेकतो तेव्हा दोघांमध्ये जेमतेम तीन मीटर उरतात. ब्रेक लागायला तेवढी जागा कशी पुरणार?

आता त्याच सायकलच्या मागे एक लहानसा लाल दिवा आहे असे धरा. सरळ रस्त्यावर तो दोनशे मीटरवरून सहज कळतो. दिवा नसता तर चालकाला सावरायला पावणेदोन सेकंदही मिळाले नसते. दिव्यामुळे त्याच चालकाला सुमारे अकरा सेकंद मिळतात. तेवढ्यात तो वेग कमी करू शकतो, आरशात पाहू शकतो आणि अंतर राखून बाजूने जाऊ शकतो. दिव्याची सगळी किंमत या जादा नऊ सेकंदांत आहे.

डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ साली याची मोठी चाचणी झाली. ३,८४५ सायकलस्वारांपैकी १,८४५ जणांच्या सायकलींना कायम चालू राहणारे दिवे बसवले आणि बाकीच्यांना बसवले नाहीत. वर्षभर नोंदी ठेवल्यावर असे दिसले की, दिवे असलेल्या गटात इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी होते. दुसऱ्या वाहनाशी किंवा माणसाशी झालेले अपघात तर जवळजवळ निम्म्याने कमी होते. विशेष म्हणजे हे दिवे दिवसाही चालू असत. मग आपल्या अंधाऱ्या रस्त्यांवर दिव्याचे महत्त्व किती, हे निराळे सांगायला नको.

पहिला खर्च मागच्या दिव्यावर

दिवा घ्यायचा म्हटले की बहुतेक जण पुढचा दिवा पाहतात. पैसे थोडे असतील तर क्रम उलटा ठेवा. पुढून येणारे वाहन आपल्याला दिसते आणि आपण बाजूला होऊ शकतो. मागून येणारे दिसत नाही. तिथे आपला जीव सर्वस्वी दुसऱ्याच्या नजरेवर असतो. म्हणून पहिले शंभर-दोनशे रुपये मागच्या लाल दिव्यासाठी आणि रेडियमच्या पट्टीसाठी ठेवावेत.

मागचा दिवा लालच असावा. पांढरा किंवा निळा लावला, तर गाडी येते आहे की जाते आहे याचा चालकाला घोळ होतो. उघडझाप करणारा दिवा चटकन नजरेत भरतो, पण तो नेमका किती लांब आहे याचा अंदाज घेणे कठीण जाते. म्हणून शक्य असल्यास मागे दोन दिवे लावावेत, एक स्थिर आणि एक उघडझापीचा. एकच असेल आणि रस्ता पूर्ण अंधारा असेल, तर तो स्थिर ठेवावा.

दिवा कुठे बसवला आहे, हे फार महत्त्वाचे आहे. सीटखाली लावलेला दिवा कॅरियरवरच्या दप्तराने, दुधाच्या कॅनने किंवा वैरणीच्या पेंढीने झाकला जातो आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ओझे वाहणाऱ्यांनी दिवा कॅरियरच्या अगदी मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर लावावा. सदऱ्याची किंवा स्वेटरची मागची बाजू लोंबून त्यावर येत नाही ना, हेही पाहावे.

रेडियमची पट्टी : थोडे पैसे, मोठे काम

आपण जिला 'रेडियम' म्हणतो, त्या पट्टीत रेडियम धातू नसतो. त्या पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्लॅस्टिकचे बारीक कोन असतात. गाडीचा उजेड त्यांच्यावर पडला, की तो इकडेतिकडे न विखुरता आला त्याच दिशेने परत जातो. त्यामुळे पट्टी चालकाला शंभर मीटरहून अधिक अंतरावरून चमकताना दिसते. तिला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि ती कोणी चोरून नेत नाही. मोटारींच्या नंबरप्लेट बनवणाऱ्या दुकानांत ती थोडक्या पैशांत मिळते.

मागच्या मडगार्डवर लाल, पुढे पांढरी आणि चाकांच्या तारांवर किंवा सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी किंवा पांढरी पट्टी लावावी. चौकात आडवे जाताना बाजूची पट्टीच उपयोगी पडते. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तुटले असतील तर नवे बसवावेत. पायडल वरखाली होतात आणि हलणारी वस्तू डोळा लवकर टिपतो. त्या वरखाली होणाऱ्या दोन ठिपक्यांवरून 'ही सायकल आहे, पुढे माणूस आहे' हे चालकाला ओळखता येते. घोट्याभोवती रेडियमचा पट्टा बांधला तरी हाच फायदा मिळतो. केंद्र सरकारने २०२० साली सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, यावरून या साध्या वस्तूचे महत्त्व लक्षात यावे. नव्या सायकलीचे रिफ्लेक्टर 'शोभेला बरे नाहीत' म्हणून काढून टाकू नयेत.

मात्र रेडियम म्हणजे दिवा नव्हे. समोरून उजेड पडला तरच ते चमकते. मागच्या गाडीचा एक दिवा बंद असेल, दाट धुके असेल किंवा पट्टी चिखलाने माखली असेल, तर तिचा उपयोग राहत नाही. म्हणून दिवा आणि रेडियम ही जोडी ठेवावी आणि आठवड्यातून एकदा दोन्ही ओल्या फडक्याने पुसावेत.

पुढचा दिवा : तीन प्रकार

पुढच्या दिव्याची दोन कामे आहेत. समोरच्याला आपण दिसावे आणि आपल्याला खड्डा, गतिरोधक किंवा रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली दिसावी. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल थांबायला कोरड्या रस्त्यावर साधारण १० मीटर लागतात. पावसात ब्रेक भिजले की आणखी लागतात. तेव्हा दिव्याने किमान तेवढा रस्ता स्पष्ट दाखवायला हवा.

पहिला प्रकार आपला जुना डायनॅमो. टायरला घासून चालणारा हा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. याला ना सेल लागतो, ना वीज. गाव भारनियमनाने अंधारात असले तरी तो चालतो. पण पायडल जड होते, चिखलात चाकी घसरते आणि सायकल थांबली की दिवाही विझतो. चौकात थांबलेल्या सायकलला दिवा नसणे धोक्याचे आहे. म्हणून डायनॅमो वापरणाऱ्यांनी मागे सेलवर चालणारा वेगळा लाल दिवा आणि रेडियम ठेवावेच.

दुसरा प्रकार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांचा. सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात, हा याचा गुण. कधीमधीच रात्री बाहेर पडणाऱ्यांना तो पुरतो. रोज वापरणाऱ्याला मात्र सेलचा खर्च महिन्याकाठी जाणवू लागतो.

तिसरा प्रकार मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणाऱ्या दिव्यांचा. रोज जाण्यायेण्यासाठी आज हाच सर्वांत सोयीचा आणि दीर्घकाळात स्वस्त पडतो. हे दिवे शक्य झाले ते निळ्या एलईडीच्या शोधामुळे. निळ्यातूनच पुढे पांढरा प्रकाश मिळवता आला. त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी विजेत भरपूर उजेड देणारा दिवा आज सामान्य माणसाच्या सायकलपर्यंत पोहोचला, तो या शोधामुळे.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, हे 'ल्युमेन' या मापाने सांगतात. रस्त्यावर नगरपालिकेचे दिवे असतील तर ५० ते १०० ल्युमेन पुरतात. वस्तीबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यासाठी २०० ते ४०० ल्युमेनचा दिवा घ्यावा. त्याहून जास्त प्रखर दिव्याची गरज नसते. उलट तो समोरच्याचे डोळे दिपवतो आणि दिपलेला मोटारसायकलवाला आपल्याच अंगावर येऊ शकतो.

स्वस्त दिव्यांच्या खोक्यांवर अनेकदा अवास्तव आकडे छापलेले असतात. ते ताडून पाहण्याची सोपी रीत आहे. बॅटरीवर लिहिलेला एमएएचचा आकडा ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. बॅटरीत साठणारी वीज वॅट-तासांत मिळेल. चांगला एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ल्युमेन प्रकाश देतो. म्हणजे २,००० एमएएच बॅटरीत सुमारे ७.४ वॅट-तास वीज मावते आणि २०० ल्युमेनचा दिवा तिच्यावर साडेतीन तास चालेल. हे पटण्यासारखे आहे. पण १,२०० एमएएच बॅटरीवर १,००० ल्युमेन सहा तास मिळतील असे लिहिले असेल, तर ते खोटे समजावे. एवढा प्रकाश त्या बॅटरीवर अर्धा तासही टिकणार नाही.

याशिवाय दुकानातच चार गोष्टी पाहाव्यात. पावसाचे शिंतोडे सोसण्यासाठी खोक्यावर 'आयपीएक्स ४' किंवा त्याहून वरचा क्रमांक असावा. चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण असावे. हँडलवरची पकड खडबडीत रस्त्यावर फिरणार नाही इतकी घट्ट असावी. आणि दिवा सहज काढता यावा, म्हणजे स्टँडवर सायकल लावली की तो खिशात टाकता येईल.

दिवा बसवल्यावर त्याचा झोतही जमवून घ्यावा. हँडलवरचा दिवा जमिनीपासून साधारण तीन फूट उंच असतो. सायकल भिंतीपासून २० फुटांवर उभी करावी आणि झोताचा सर्वांत तेजस्वी भाग भिंतीवर दीड फूट उंचीवर पडेल असा दिवा खाली वाकवावा. म्हणजे रस्त्यावर तो ४० फुटांवर पडेल. आपल्याला रस्ता दिसेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत झोत जाणार नाही. पुढचा दिवा उघडझापीवर ठेवून अंधाऱ्या रस्त्यावर जाऊ नये. त्यात खड्डा दिसतो न दिसतो तोच दिवा विझतो.

लहान मुलांच्या घरी एक खबरदारी

काही अगदी स्वस्त, रबरी दिव्यांत रुपयासारखे चपटे बटण सेल असतात. लहान मूल हा सेल गिळू शकते. तो अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या ओलाव्यात त्याच्या विजेमुळे दोन तासांतही आतील भाग भाजून निघू शकतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट पाहू नये, उलटी करवू नये आणि ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे, तिथे सेलची जागा स्क्रूने बंद होणारा दिवाच आणावा. संपलेले सेलही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

दिवा असूनही दिसत नसेल तर

चांगला दिवा असूनही रात्री ठेचकाळायला होते, समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात किंवा डोळे फार दिपतात, अशी तक्रार असेल, तर नवा दिवा घेण्याऐवजी डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा बदललेला नंबर आणि मोतीबिंदू ही त्याची नेहमीची कारणे आहेत. लहान मूल संध्याकाळ झाली की अडखळत असेल, तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे येणाऱ्या रातांधळेपणाची शंका घ्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. शेवग्याची पाने, राजगिरा, गाजर, पिकलेला आंबा आणि पपई मुलांच्या जेवणात असू द्यावीत.

खिशाप्रमाणे निवड

किमती गावागणिक कमी-जास्त असतात, पण साधारण हिशेब असा मांडता येईल.

शंभर रुपयांच्या आत : मागे, पुढे, दोन्ही बाजूंना आणि पायडलवर रेडियम. अंगावर फिकट किंवा पांढरे कपडे.

तीनशेपर्यंत : वरील सर्व आणि मागे चांगला लाल दिवा.

सातशे ते हजारापर्यंत : वरील सर्व आणि पुढे २०० ते ४०० ल्युमेनचा, चार्जिंगचा दिवा.

दिवा घेऊन झाला की एक चाचणी जरूर करावी. रात्री घरातल्या एखाद्याला सायकल घेऊन, नेहमीच्या ओझ्यासह, रस्त्याच्या कडेने शंभर पावलांवर उभे करावे आणि मागून पाहावे. नुसती सावली दिसली, तर अजून काही कमी आहे. लाल ठिपका स्पष्ट दिसला, तर मागून येणाऱ्या चालकालाही तो दिसेल. आपल्या मुलाला किंवा मुलीला संध्याकाळी शिकवणीला पाठवण्यापूर्वी प्रत्येक पालकाने एवढे पाहून घ्यावे.